लातूरच्या तव्यावर चोरिझो: खिम्याचा, सोयाचा आणि सांडग्यांचा

उदगीरच्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलगा टेक्सासला दोन वर्षं शिकून परत आलाय. तिथे सकाळी चोरिझो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) आणि अंडं घातलेली टॉर्टिया नाहीतर तसंच सँडविच खायची सवय लागली. आमच्या घरात पोर्क येत नाही, सासूबाई माळकरी आहेत. सोयाच्या वड्या मिक्सरमधून काढून दोनदा करून पाहिलं. सोयाचा वास जात नाही, खाताना सगळा भुगा सांडतो आणि पोळीत गुंडाळलं की पोळी ओली होऊन फाटते. काय चुकतंय?

ताई, मी अकरा वर्षं गोव्यात हॉटेलांच्या किचनमध्ये होतो, नंतर लातुरात येऊन नाश्त्याचं दुकान टाकलं. तुम्हाला आलेल्या तिन्ही अडचणी मलाही आल्या आहेत. पोर्क नाही याची काळजी सोडून द्या, त्यानं फारसं काही अडत नाही. तुमचं गणित तेलात चुकतंय, आणि थोडंसं क्रमात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण चोरिझो या एका नावाखाली तीन वेगळे पदार्थ येतात आणि नेटवरच्या रेसिपी त्यांची खिचडी करतात. स्पेनचा चोरिझो म्हणजे मीठ आणि धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड लावून मुरवलेलं, सुकवलेलं सॉसेज. त्याच्या चकत्या कापून न शिजवताही खातात. मेक्सिकोचा चोरिझो ओला आणि कच्चा असतो: जाडसर खिमा, भिजवून वाटलेल्या सुक्या मिरच्या, लसूण, जिरे, लवंग, ओरेगॅनो आणि व्हिनेगर. तो आतड्याच्या आवरणातून काढून तव्यावर मोकळा परतावाच लागतो. तिसरा गोव्याचा, पोर्तुगीजांनी आणलेल्या पद्धतीचा आपल्या मिरचीवर आणि व्हिनेगरवर वाढलेला. त्याच्या माळा दुकानात टांगलेल्या दिसतात. तोही शिजवूनच खायचा, कांदा घालून, आणि पावात भरून. कुणी गोव्याहून माळ आणून दिली तर वरून मीठ घालू नका, त्यात भरपूर असतं.

तुमच्या मुलानं टेक्सासला खाल्ला तो मेक्सिकन घराण्यातला, म्हणजे मोकळा परतलेला, लाल तेल सुटलेला, थोडा आंबट. आपण तोच करायचा. आणि टॉर्टिया म्हणजे त्यांची पातळ पोळी. स्पेनमध्ये टॉर्टिया मागितली तर बटाटा घातलेलं जाडजूड ऑम्लेट पुढ्यात येतं, म्हणून रेसिपी वाचताना ती कुठली आहे ते बघत जा.

आता मसाला. सगळा जीव यात आहे, म्हणून इथे वेळ घालवतो.

मेक्सिकोत यासाठी ग्वाहियो आणि आंचो नावाच्या सुक्या मिरच्या वापरतात. रंग गडद, तिखटपणा बेताचा, चव किंचित गोडसर. आपल्याकडे त्यांच्या जवळ जाते ती ब्याडगी. अर्धा किलो खिम्याला दहा-बारा ब्याडगी घ्या आणि तिखटासाठी दोन-तीन साध्या लाल मिरच्या. धर्माबादच्या बाजाराची मिरची तुमच्याकडे येत असेल, ती चालेल. नुसत्या तिखट मिरचीवर हा पदार्थ होत नाही. रंग येईपर्यंत मिरची घालत गेलात तर तोंड भाजेल, आणि तोंड भाजेल म्हणून हात आखडलात तर रंग फिका पडेल. देठ आणि बिया काढायच्या, कोरड्या तव्यावर दहा-पंधरा सेकंद फिरवायच्या, वास सुटला की लगेच खाली. काळी पडलेली एक मिरची सगळं वाटण कडू करते. मग गरम पाण्यात वीस मिनिटं भिजत घालायच्या.

भिजल्या की त्यात लसणाच्या सात-आठ पाकळ्या, एक लहान चमचा जिरे, एक लहान चमचा धने, आठ-दहा मिरे, तीन लवंगा, अर्ध्या बोटाएवढी दालचिनी, एक लहान चमचा ओरेगॅनो आणि तीन मोठे चमचे व्हिनेगर. ओरेगॅनो पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुडीतला चालतो. तो नसेल तर चिमूटभर ओवा हातावर चोळून घाला, चिमटीच्या वर नको, नाहीतर सगळ्याला अजीर्णावरच्या औषधाचा वास येतो. पाणी शक्यतो घालू नका, मिक्सर फिरत नसेल तर मिरची भिजवलेलं पाणी चमचाभर. गंध लागेल इतकं बारीक वाटा.

यात काळा मसाला नको. येसरही नको. मला माहीत आहे हात आपोआप त्या डब्याकडे जातो, आपली जीभच त्यावर वाढलेली आहे. पण दगडफूल आणि खोबऱ्याची चव आली की चोरिझो संपला आणि मसालेदार खिमा सुरू झाला. तो वाईट नाही, पण तुमचा मुलगा ते मागत नाहीये.

व्हिनेगरला पर्याय विचारणारे बरेच भेटतात. चिंच घालतात, दही घालतात. चिंचेनं रंग मातकट होतो आणि चव आमटीकडे जाते. दह्यानं पाणी सुटतं. लिंबाचा वास परतताना उडून जातो, ते शेवटी वरून पिळायला ठीक. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात व्हिनेगर एरवी लागत नाही, हे खरं, तरी या एका पदार्थासाठी बाटली आणा. उसाचा शिरका मिळाला तर सगळ्यात छान, पांढरं सिंथेटिक असेल तर तीनऐवजी दोन चमचे घाला.

मांसाहारी करणार असाल तर मटणाचा किंवा चिकनचा खिमा घ्या. खाटकाला सांगायचं, जाड जाळीतून एकदाच काढा आणि पाव हिस्सा चरबी राहू द्या. साफ, लालभडक खिमा बघायला बरा वाटतो, पण तव्यावर रबरासारखा होतो. चिकनला चरबी फारशी नसते, तिथे अर्धा किलोला तीन मोठे चमचे तेल आणि जमलं तर कातडीसकट खिमा करून घ्या. वाटण, आठ-नऊ ग्रॅम मीठ आणि खिमा हातानं एकजीव करून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. मुरणं इथे चवीसाठी आहे, टिकण्यासाठी नाही. कच्चा मसाला लावलेला खिमा दुसऱ्या दिवशी संपवायचा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. रात्री चार-पाच तास वीज नव्हती आणि सकाळी खिमा गार लागत नसेल, तर तो टाकून द्या. माझ्या दुकानात एकदा चार किलो टाकावा लागला होता, त्या दिवशी फार जिवावर आलं, पण दुसरा मार्ग नव्हता. आणि घरी स्पॅनिश पद्धतीनं सॉसेज वाळवायचा प्रयोग अजिबात करू नका. त्याला ठरावीक प्रमाणात क्युरिंगचं (मांस टिकवण्याचं) मीठ, थंड हवा आणि आर्द्रतेवर ताबा लागतो, दोरीवर टांगून ते होत नाही.

परतताना तवा मध्यम गरम, खिमा पसरून टाका आणि दोन-तीन मिनिटं हलवू नका. खालून धरू द्या. मग फोडून मोकळा करा. आधी पाणी सुटेल, ते आटेल, मग लाल तेल दिसायला लागेल आणि आवाज बदलेल, फदफद थांबून चरचर सुरू होईल. तो आवाज आला की झालं. आत कुठे गुलाबी राहता कामा नये.

आता सोया, म्हणजे तुमचा खरा प्रश्न. सोयाबीनची एवढी मोठी बाजारपेठ आपल्या लातूरला आहे, घराघरातून पेरा असतो, तरी सोयाच्या वड्या आपण उपकार केल्यासारख्या खातो, याचं मला वाईट वाटतं. वड्या कशा बनतात ते कळलं तर त्या कशा शिजवायच्या तेही कळतं. सोयाबीनमधलं तेल काढून घेतल्यावर जी पेंड उरते, तिचं पीठ दाबाखाली, उष्णतेवर यंत्रातून काढतात, बाहेर येताना ते फुगतं आणि त्यात मांसासारखे धागे तयार होतात. म्हणजे वडीत प्रथिनं भरपूर, वजनाच्या निम्मी, पण तेल जवळजवळ नाही. आणि ब्याडगीचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. मिरची-लसणाचा सुगंधही तसाच. खिमा स्वतःची चरबी सोडतो, त्या चरबीत मसाला आपोआप शिजतो. सोया काहीच सोडत नाही. तुम्ही खिम्यासारखं कच्चं वाटण सोयाला लावलंत तर सोया त्यातलं पाणी पिऊन बसतो, मसाला कच्चा राहतो, सोयाचा वास वर येतो आणि तेच पाणी पुढे पोळीत झिरपतं. तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी इथेच आल्या.

म्हणून सोयाला क्रम उलटा. आधी मसाला तेलात शिजवायचा, मग सोया.

वड्या मिक्सरमधून काढू नका, पीठ होतं. बाजारात सोया ग्रॅन्युल्स म्हणून बारीक दाणे मिळतात, ते आणा. १०० ग्रॅम दाणे मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. गाळा, गार पाण्यात चोळून धुवा, पिळा. पुन्हा धुवा, पुन्हा पिळा. तिसऱ्यांदा स्वच्छ पंच्यात बांधून चक्का टांगताना पिळतो तसं सगळी ताकद लावून पिळा. वास या पाण्याबरोबर जातो. मग हे दाणे कोरड्या तव्यावर पाच-सहा मिनिटं परता, हाताला भुसभुशीत लागेपर्यंत, आणि बाजूला काढा.

त्याच तव्यात चार मोठे चमचे तेल. हो, चार. करडईचं असेल तर उत्तम, आपल्या भागातलं जुनं तेल आहे आणि या मसाल्याला शोभतं. तेलात वरच्या मसाल्याचं निम्मं वाटण घालून मंद आचेवर सहा-सात मिनिटं परता, कडेनं लाल तेल सुटेपर्यंत. मग दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं जाडसर कूट. हे कूट खाताना चरबीच्या कणांचं काम करतं, दाताखाली मऊ तेलकट तुकडा आल्यासारखं वाटतं. आता सोया घाला, मीठ घाला, सोया मीठ खातो म्हणून चव बघून थोडं जास्तच. आच वाढवा आणि दाण्यांच्या कडा तांबूस होईपर्यंत परता. दहा-बारा मिनिटं लागतात, घाई केली तर ओलं राहतं. हे आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी दुप्पट चांगलं लागतं. थंड करून पिशवीत चपटं पसरून फ्रीझरमध्ये महिनाभर राहतं.

सोया पनीर वापरायचं असेल तर एक युक्ती. अख्खा ठोकळा रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवा, सकाळी वितळवा, पिळा आणि हातानं कुस्करा. गोठल्यानं आत भोकं पडतात, त्यामुळे तो चामट आणि जाळीदार होतो, मसाला धरून ठेवतो. मशरूमही चालतात, फक्त बारीक चिरून त्यांचं पाणी पूर्ण आटवल्याशिवाय मसाल्यात टाकू नका.

पण ताई, मला मनापासून विचाराल तर सोयाच्या आधी मी सांडगे काढीन.

उन्हाळ्यात गच्चीवर घातलेले मूग-मटकीचे सांडगे तुमच्या घरी बरणीत असतीलच. डाळ भिजवून, जाडसर वाटून, वाळवून टिकवायची, मग पाण्यात पुन्हा फुलवून भाजी करायची. सोयाच्या वडीचं काम आपल्या बायकांनी यंत्राशिवाय कधीचंच करून ठेवलंय. मी दुकानात पहिल्यांदा सांडग्यांचा चोरिझो केला तेव्हा गोव्याचे दोन जुने सहकारी आलेले होते. त्यांना काही न सांगता पावात भरून दिला. एकानं विचारलं, हा कोंबडीचा का? तेव्हापासून रविवारी तो असतोच.

सांडगे खलबत्त्यात हरभऱ्याएवढे फोडा, पूड नको. तीन मोठे चमचे तेलात गुलाबीसर तळून घ्या, मग अर्धी वाटी कडकडीत पाणी शिंपडून झाकण ठेवा. सात-आठ मिनिटांत मऊ होतात पण आत चावायला काहीतरी उरतं. पाणी आटलं की बाजूला काढून, सोयासारखंच मसाला तेलात शिजवून त्यात टाका. सांडगे नसतील तर वाटली डाळ. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून, जाडसर वाटून, पंधरा मिनिटं वाफवून मोकळी करा. ही सगळ्यात मऊ होते, दात नसलेल्यांनाही चालते.

सासूबाईंसाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. चातुर्मासात त्या कांदा-लसूण खात नसतील तर वाटणात लसणाऐवजी आल्याचा तुकडा आणि तेलात पाव चमचा हिंग. चव बदलते पण बिघडत नाही. दुसरं, त्यांचा तवा, त्यांचा उलथणा, त्यांचं वाटण आधी. मिक्सरच्या भांड्यात मसाला एकदाच वाटा, त्यातला शाकाहारी वाटा काढून झाकून ठेवा, मगच उरलेल्याला खिम्याचा हात लावा. एकाच तव्यावर कडेकडेनं दोन्ही परतायचा मोह होतो, तो करू नका. त्यांच्या माळेचा मान राहिला तर त्याही निवांत चार घास खातील.

आता पोळीकडे. आपली घडीची पोळी यासाठी चुकीची आहे. तिला पदर असतात, तेल आणि वाफ पदरात शिरते आणि ती घडीवर फाटते. मेक्सिकोच्या उत्तर भागात गव्हाची टॉर्टिया करतात, तिच्या कणकेतच चरबी चोळलेली असते. निम्मी कणीक, निम्मा मैदा मिळून २५० ग्रॅम, ४ ग्रॅम मीठ, ४५ ग्रॅम थिजलेलं तूप. आधी तूप पिठात चोळा, मोहन घालतो तसं, मूठ वळेपर्यंत. मग चांगलं गरम पाणी, साधारण १४० मिली, लागेल तसं. मऊ मळून अर्धा तास झाकून ठेवा. दहा गोळे करा, घडी न घालता सात इंचाची पातळ लाटा. तवा चांगला तापलेला, तेल नाही, एका बाजूला तीस-चाळीस सेकंद, उलटून तेवढीच. दाबून फुगवू नका. तव्यावरून उतरली की थेट जाड फडक्यात गुंडाळायची. त्या वाफेनं ती मऊ होते, हे पाऊल गाळलंत तर सगळी मेहनत वाया.

मक्याची टॉर्टिया हवी असेल तर दुकानातलं मक्याचं पीठ घेऊन होत नाही, ते तुटतं. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात. चुन्यानं साल सुटते, दाण्यातला चिकटपणा मोकळा होतो आणि नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगं होतं. युरोपनं मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा आजार, झाला. करायचंच असेल तर एक किलो मका, तीन लिटर पाणी, १० ग्रॅम खाण्याचा चुना, रंगकामाचा नव्हे. स्टीलच्या पातेल्यात, ॲल्युमिनियमला चुना खातो. पाऊण तास उकळा, रात्रभर झाका, सकाळी चोळून सालं धुवा आणि वाटा. सिल्लोड-कन्नडकडून येणारा पिवळा मका टणक असतो, त्याला जरा जास्त वेळ द्या.

एवढं नको असेल तर ज्वारी आहे. मालदांडीचं ताजं पीठ, उकळत्या पाण्यानं उकड काढून मळलेलं, पाच इंचाची पातळ भाकरी. तिचा टाको, म्हणजे सारण भरून घडी घातलेली टॉर्टिया, होणार नाही, मोडेल. ती उघडीच ठेवा, वर चोरिझो, वर अंडं. कडक भाकरी केलीत तर मेक्सिकोत जिला तोस्तादा म्हणतात, तिच्या फार जवळ जाते.

भरताना सांडतं, ही तुमची उरलेली तक्रार. चोरिझो सुटा भरायचाच नाही, बांधून भरायचा. दोन अंडी फेटून, परतलेल्या चोरिझोवर तव्यातच ओता, मंद आचेवर दोन-तीनदा हलवा आणि अंडं ओलसर असतानाच उतरवा. बुर्जी कोरडी करायची आपली सवय इथे आवरा. अंडं चालत नसेल तर उकडून जाडसर कुस्करलेला बटाटा. मेक्सिकोत बटाटा-चोरिझो ही जोडी घरोघरी असते, पांबासो नावाचा त्यांचा एक पाव तर मिरचीच्या रश्शात बुडवून त्यात हेच भरतात.

सँडविचसाठी लादीपाव घ्या, स्लाइस ब्रेड ओल्या सारणाखाली बसतो. पाव कापून, कापलेली बाजू चोरिझोच्या लाल तेलावर भाजा. आधी भाजलेला पाव ओला होत नाही. शाकाहारी सँडविचमध्ये अंड्याच्या जागी मी पाटवडी घालतो. पिठलं घट्ट आटवून ताटात थापायचं, पावाच्या आकाराची वडी कापून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करायची, खाली पाटवडी, वर सांडग्यांचा चोरिझो, वर लिंबात चुरलेला कांदा. सोबत साल्सा म्हणजे दोन टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, लसणाच्या दोन पाकळ्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून, मीठ घालून खलबत्त्यात ठेचलेले. अव्होकॅडोच्या मागे लागू नका, उदगीरला तो महाग आणि बहुतेक वेळा कच्चा मिळतो. चीज घातलंत तर मीठ कमी करा.

मुलगा डब्यात नेणार असेल तर सारण पूर्ण निवल्यावर गुंडाळा, अंड्याचा डबा उन्हाळ्यात तासाभराच्या आत खाऊन होईल असंच बघा. सांडग्यांचा टिकायला बरा.

सुरुवात येत्या रविवारी सांडग्यांपासूनच करा. फक्त मीठ घालण्याआधी एक सांडगा चाखून बघा, घालतानाच त्यात मीठ-मिरची पडलेली असते.